मूठभर कच्चे तांदूळ

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. आई घरी यायच्या आत. आज सकाळी तिचं रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आलाय. ती पोळी-भाजी केंद्रातून येईल, चपला काढेल, पंख्याखाली बसेल आणि मग मला तिला सांगावं लागेल. सांगणं सोपं आहे हो. तिने ते ऐकून काहीतरी करणं अवघड आहे. ते कसं करायचं मला कळत नाहीये, म्हणून आधी तुम्हाला सांगते. फास्ट टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गोष्ट कच्च्या तांदळांची आहे. हसू नका.

आमच्या घरातल्या बायका कच्चे तांदूळ खातात. म्हणजे आमच्याकडे हे असंच बोललं जायचं, जसं एखाद्या घरात सगळ्यांचे केस कुरळे असतात तसं. आईची आई खायची, आई खाते, मावशी खाते, मी खायचे. गावाहून मामा तांदळाचं पोतं पाठवतो. ते डोंबिवलीला आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, पिंपात ओतायचं, वर कडुनिंबाचा पाला टाकायचा. पिंप स्वयंपाकघराच्या दारामागे. येता-जाता झाकण उघडायचं, मूठ भरायची, कुरुम कुरुम. मावशी आली की ठरलेलं वाक्य, "खा गं खा, तुझ्या लग्नात धो धो पाऊस पडणार." आणि हे बोलताना स्वतःच्या तोंडात तांदूळ. मी एकदा विचारलं, "मावशी, तुझ्या लग्नात पडला?" तर म्हणाली, "मे महिना होता. तरी मांडव भिजला." सगळे हसले. कोणाला त्यात काही वाटायचं नाही. मलाही नाही.

अकरावीत गेले आणि मी ढोलपथकात नाव दिलं. पाडव्याच्या शोभायात्रेत वाजवायचं, बस्स, एवढंच डोक्यात होतं. लहानपणापासून मी फुटपाथवर उभी राहून पथकं बघितलीत. ढोल जवळून गेला की छातीत वाजतो ना, ते मला आतून हवं होतं. पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, रांगेत मी. वहीच्या मागच्या पानांवर मी ठेका लिहून ठेवायचे आणि लेक्चरमध्ये बेंचखाली मांडीवर वाजवायचे.

सराव खाडीकडच्या मैदानात असायचा, संध्याकाळी. आम्हाला शिकवणारी एक ताई होती. बँकेत कामाला, आवाज पोलिसासारखा. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "ढोल कमरेने उचलायचा, पोटाने नाही. आणि एकदा रांगेत उभं राहिलं की रांग तोडायची नाही. पाणी, मोबाईल, आई, कोणीही हाक मारली तरी नाही."

पहिला महिना मस्त गेला. मग मी थकायला लागले.

आता थकायला लागले म्हणजे काय ते नीट सांगते, कारण तेव्हा मला ते कोणाला सांगता आलं नव्हतं. झोपेतून उठतानाच थकलेली असायचे. जिना चढताना पहिल्या मजल्यावर कठड्याला हात लागायचा, दुसऱ्यावर थांबायचे आणि मोबाईल काढायचे, म्हणजे कोणी बघितलं तर मेसेज वाचतेय असं वाटावं. अभ्यासाचं पान उघडलं की अक्षरं दिसायची पण आत काही जायचं नाही. केस विंचरताना हात वर धरायचा कंटाळा. चिडचिड तर इतकी की दूधवाल्याने बेल दोनदा वाजवली म्हणून मी रडले होते. सिरियसली, रडले.

बाबांचं निदान तयार. ते वागळे इस्टेटला कंपनीत जातात, सकाळी लवकर निघतात, येतात तेव्हा त्यांचंच अंग दुखत असतं. "मोबाईल," ते म्हणायचे, बूट काढता काढता. "दुसरं काही नाही. मोबाईल काढून घे, बघ कशी पळायला लागते."

आई म्हणायची, "वय आहे." मग थोड्या वेळाने, "आम्हाला नव्हतं बाई असलं काही. आम्हाला थकायला वेळ कुठे होता?"

आई केंद्रात पोळ्या लाटते. ऑफिसला जाणाऱ्या सगळ्या लोकांच्या डब्यातल्या पोळ्या. घरी आल्यावर तिला लाटणं डोळ्यांसमोर नको असायचं, आणि मी तिला त्यासाठी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यामुळे आमच्याकडे भात. भात, आमटी, पापड, लोणचं. मासे रविवारी. पालेभाजी निवडायला वेळ लागतो म्हणून क्वचित. माझं म्हणाल तर कॉलेजला जाताना चहा-बिस्कीट, कॅन्टीनला वडापाव, सरावाला जाताना परत चहा. मंगळवारी उपास, तोही मैत्रिणी धरतात म्हणून. पाळी आली की आठवडाभर धो धो जायचं. आई म्हणायची चांगलं असतं, साफ होतं सगळं.

आणि तांदूळ. तांदूळ वाढले होते. आधी मूठभर, येता-जाता. आता मी छोटी डबी भरून बॅगेत ठेवायला लागले. पाऊस पडल्यावर मातीचा वास येतो ना, तसा वास मला कोरड्या तांदळांनाच येतोय असं वाटायचं. सरावाच्या मधल्या सुट्टीत पोरी भेळ खायच्या आणि मी तांदूळ.

"ए कोंबडी!" एक जण ओरडली. "दाणे टिपतेय बघ!" मग पथकात माझं नाव कोंबडीच पडलं. मीही क्वॅक केलं. मग कोणीतरी म्हणालं क्वॅक बदक करतं, कोंबडी नाही, आणि सगळ्या लोळायला लागल्या. मीही हसले, पण हसताना धाप लागली.

त्याच आठवड्यात मी पडले. ढोल बांधलेला होता, तिसरा ठेका चालू होता, मैदानाच्या कडेचे दिवे एकदम पांढरे झाले आणि कानात शिट्टी वाजायला लागली. ढोलामुळे सरळ पडता पण येत नाही. मी ढोलावर पडले आणि ढोलासकट कलंडले. डोळे उघडले तेव्हा ताई माझ्या गालावर पाणी मारत होती.

"काय खाल्लंस दुपारी?"

"वडापाव."

"सकाळी?"

कोंबडी म्हणणारी हळूच म्हणाली, "ताई, ही तांदूळ खाते. कच्चे."

ताईने माझ्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, ओठ बघितले. मग ढोल सोडवता सोडवता म्हणाली, "रक्त तपासून घे. रिपोर्ट आण, मग ढोल."

"ताई, पाडवा—"

"रिपोर्ट आण. मग ढोल."

आईने मला त्यांच्या केंद्राजवळच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सात पॉइंट काहीतरी निघालं. बाराच्या वर हवं असतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या लोह कमी आहे, गोळ्या लिहून देते, आणि खाण्यात काय काय असतं? आईला ते लागलं. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या पोचवणाऱ्या बाईला कोणी विचारावं तुमची मुलगी काय खाते? "सगळं खाते हो," ती एकदम म्हणाली. "उपाशी ठेवतो का आम्ही?" तांदळांचं कोणीच बोललं नाही. खरं तर माझ्या डोक्यातच आलं नाही की तांदूळ हे डॉक्टरला सांगायचं असतं.

पण आईच्या डोक्यात आलेलं होतं. घरी येता येता जिन्यातच ती थांबली, दुसऱ्या मजल्यावर, आणि म्हणाली, "तांदळांनीच झालंय. कच्चे तांदूळ खाल्ले की रक्ताचं पाणी होतं. मी आजपासून बंद करते सगळं."

आणि तिने केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पिंपातले सगळे तांदूळ बाहेर, जमिनीवर साडी पसरून त्यावर, आणि आई त्यांना बोरिक पावडर चोळतेय. किडे लागू नयेत म्हणून लावतात ती. आमच्याकडे आधी कधी लावत नव्हते, पाल्यावर भागायचं. "आता खाऊन दाखव," ती म्हणाली. पांढऱ्या हातांनी, विजयी चेहऱ्याने.

मग गोळ्या. पहिल्या दोन गोळ्यांनी मला मळमळलं, पोट धरलं. आई म्हणाली, उष्ण पडतायत. म्हणून तिने गोळी दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली. ग्लासभर थंड दूध, वर गोळी. कधी दूध संपलेलं असलं तर चहा. मळमळ खरंच कमी झाली. आईला वाटलं जमलं. मलाही वाटलं जमलं.

आणि बाबा बीट आणायला लागले. त्यांना कंपनीत कोणीतरी सांगितलं होतं की लाल खाल्लं की रक्त लाल होतं. रोज बीट. बिटाची कोशिंबीर, बिटाचे काप, बीट घातलेली आमटी. एकदा सकाळी मी बाथरूममधून किंचाळत बाहेर आले, सगळं गुलाबी. आई घाबरून धावली. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "बीट आहे ते. चाललंय काम."

काम काही चाललं नव्हतं. पाडवा जवळ येत होता आणि मी जिन्यात अजूनही खोटे मेसेज वाचत होते. संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला बसून सराव बघायचे. ताई हाकलायची नाही, पण ढोलही द्यायची नाही. आणि हो, तांदूळ. बोरिक लावलेले तांदूळ मी धुवायचे, गॅलरीत रुमालावर वाळवायचे आणि खायचे. आई केंद्रात असताना. एवढी ओढ होती. आता लिहिताना मलाच विचित्र वाटतंय, पण तहान लागल्यावर पाणी हवंसं वाटतं ना, तसंच होतं ते. त्यात गंमत उरली नव्हती.

परत रक्त तपासलं. आकडा जवळजवळ तिथेच. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "गोळी घेतेस ना? कशी घेतेस?"

आईने अभिमानाने सांगितलं, "दुधाबरोबर देते. उष्ण पडू नये म्हणून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दुधाने आणि चहाने ते लोह अंगात जातच नाही नीट. लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा दोन तास आधी नाही, नंतर नाही. आईचा चेहरा असा झाला की मला त्या बाईंचा राग आला. इतके दिवस आई पहाटे केंद्रात जायच्या आधी माझ्यासाठी दूध गार करून ठेवत होती.

मग त्यांनी मला सहज विचारलं, "काही वेगळं खावंसं वाटतं का? खडू, माती, बर्फ, तांदूळ?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. आणि आईच बोलली, "तांदूळ खायची डॉक्टर, पण ते मी बंद केलंय! बोरिक लावलंय!"

"आणि तरी खाल्ले असते तर? पोटात काय गेलं असतं?"

मी हळूच म्हणाले, "मी धुवून खाते."

आईने वळून माझ्या दंडाला चिमटा काढला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, उलटं आहे हे. तांदळाने रक्त कमी नाही झालं. रक्त कमी झालं म्हणून तांदूळ खावेसे वाटतात. रक्त भरलं की ओढ आपोआप जाईल." मग त्यांनी आईला विचारलं, "तुम्ही खाता?"

"मी? छे. निवडताना दोन दाणे जातात तोंडात. आमच्याकडे सगळ्याच बायकांना सवय आहे."

"सगळ्याच?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग तुमचंही रक्त बघूया."

"आधी हिचं होऊ दे," आई म्हणाली आणि पर्स उचलून उठलीसुद्धा.

त्या पाडव्याला मी वाजवलं नाही. ताईने मला दोरी धरायला दिली. पथकाच्या भोवती दोरी असते, गर्दी आत घुसू नये म्हणून. ती धरून चालायचं. फेटा मिळाला, पण ढोल नाही. माझ्या जागी ती कोंबडी म्हणणारी होती आणि भारी वाजवत होती. मी दोरी धरून चालत होते आणि रडत होते. आई माझ्या बाजूने फुटपाथवरून चालत होती, हातात पाण्याची बाटली, अख्खी यात्रा. "रडू नको गं," मधेच म्हणायची, "काजळ पसरतंय, भूत दिसतेस."

पुढचं वर्ष म्हणजे लिंबूपाणी. दुसरं काही आठवतच नाही. गोळी, लिंबूपाणी, मळमळ, परत गोळी. पाळीसाठी वेगळी औषधं. मटकीला मोड आणणं माझं काम झालं, पालेभाजी निवडणं बाबांचं. ते टीव्ही बघत मेथी निवडायचे आणि अर्ध्या काड्या आत टाकायचे. मंगळवारचा उपास सुटला. लोकांना वाटतं औषध सुरू केलं की माणूस टुणकन उठतं. नाही उठत. खूप कंटाळवाणं असतं बरं होणं. पण एक दिवस मी पिंपातून भातासाठी तांदूळ काढत होते आणि काढून झाल्यावर लक्षात आलं की मी मूठ तोंडात टाकली नाही. मग मुद्दाम दोन दाणे खाऊन बघितले. नुसते कडक. वास नाही, काही नाही. आणि त्या दिवशी मी जिना न थांबता चढले.

आता खरी गोष्ट. पुढच्या पाडव्याला मी रांगेत होते.

काय सांगू! ढोल कमरेला, टिपरू हातात, समोर ताई, आणि पहिला ठोका पडला तेव्हा वाटलं पोटातलं सगळं वाजतंय. मी आईला शोधत होते. ती होती फुटपाथवर, नवी साडी, बाटली, आणि यात्रेतल्या पालखीवर टाकायला म्हणून घरून अक्षता आणलेल्या, रुमालात बांधून. कुंकू लावलेले तांदूळ. पहिल्या चौकापर्यंत ती बरोबर होती. दुसऱ्या चौकात मागे पडली. मग मला दिसेनाच. आम्ही वळलो आणि तेव्हा दिसली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली, डोकं शटरला टेकवून.

मी रांग तोडली. ताईचा आवाज आला मागून, पण मी गेले. आणि ढोल बांधलेला असताना माणसाला खाली बसता येत नाही, हे मला तिथे कळलं. वाकताही येत नाही. मी तिच्यासमोर उभी, मध्ये तो एवढा मोठा ढोल, आणि ती खाली.

"आई! काय होतंय?"

"काही नाही गं. ऊन आहे. पाय भरून आले जरा." तिने डोळे उघडले. "तू इकडे काय करतेस? जा ना रांगेत! वर्षभर मरमर केलीस, जा!"

तिचे ओठ गुलाबी होते. आई कधी लिपस्टिक लावत नाही. मग मला तिच्या मांडीवरचा रुमाल दिसला. उघडा. अक्षता जवळजवळ संपल्या होत्या आणि पालखी अजून मागे, यायचीच होती.

"आई, तू अक्षता खाल्ल्यास?"

ती हसली. लाजली म्हणजे. पदराने ओठ पुसले, कुंकू गालावर पसरलं. "अगं, हातात होत्या," ती म्हणाली. "कळलंच नाही."

ताई मागे येऊन उभी होती. मला वाटलं आता ओरडेल. तिने फक्त माझा ढोल सोडवला, दुसऱ्या मुलीला दिला आणि आईच्या बाजूला पायरीवर बसली. मला म्हणाली, "तू बस आता."

त्यानंतर रक्त तपासून घे म्हणून किती वेळा म्हटलं मी तिला. उद्या, आई म्हणायची. हा आठवडा लग्नसराईच्या ऑर्डरी आहेत. पुढचा आठवडा मावशी येतेय. "माझं काय वय आहे का आता ढोल वाजवायचं? मला कशाला रक्त?" शेवटी काल मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि ताईचंच वाक्य मारलं, "रिपोर्ट आण, मग पोळ्या." ती म्हणाली, "फार शहाणी झालीस." आणि आज सकाळी आली रक्त द्यायला. सुई टोचताना तिने दुसरीकडे बघितलं आणि तिथूनच सरळ केंद्रात गेली लाटायला.

आकडा माझ्यापेक्षा कमी आहे. पडले होते तेव्हाच्या माझ्या आकड्यापेक्षा कमी. इतकी वर्षं ती या आकड्यावर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटतेय, मला डॉक्टरकडे नेतेय, पोती वर चढवतेय. आणि आम्ही म्हणायचो, सवय आहे.

मी लिंबू चिरून ठेवलंय. गोळ्या माझ्याच उरलेल्या आहेत घरात, पण आधी डॉक्टरबाईंना विचारून. दुधाचं पातेलं आत ठेवून दिलंय.

आली वाटतं. जिन्यात तिच्या चपला वाजतायत. दुसऱ्या मजल्यावर थांबल्यात. मी आता जाऊन तिच्या हातातली पिशवी घेते, पण तुम्ही सांगा ना पटकन: तुमच्या घरातही कोणी कच्चे तांदूळ खातं का? खडू, पाटीची पेन्सिल, फ्रीजमधला बर्फ? तुम्ही खायचात का? तुमची आई जिन्यात थांबते का, आणि थांबली की काय सांगते?